कार्डाची पाठ कोरी

४ फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर. बावीस वर्षांत मी तुला नववर्षाच्या छापील शुभेच्छांखेरीज काही पाठवलं नाही, आणि तूही मला तेवढंच. तेव्हा हे जाड पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. कामाचं पत्र आहे.

कोशाची नवी आवृत्ती निघते आहे. मी अजून तिथेच, त्याच खुर्चीत. फक्त खुर्चीची गादी दोनदा बदलली. या वेळी जुन्या इंग्रजी बोलभाषेतल्या शब्दांची वेगळी पुरवणी आहे आणि ती माझ्या गळ्यात पडली आहे. बाकी सगळं उरकलं, एका शब्दाशी अडलंय. गूजबेरी. फळाचं काही नाही, त्याला आपण 'काटेरी झुडपावरचं हिरवं आंबट फळ' म्हणून मोकळे झालो. अडलाय तो दुसरा, चावट अर्थ. त्याचं कार्ड तू केलं होतंस. तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात, ज्याचं सगळं ऑफिस कौतुक करायचं. माझं अक्षर 'लागतं', एवढंच कौतुक माझ्या वाट्याला. तर त्या कार्डावर व्युत्पत्ती आहे, अर्थ आहे, वापर आहे, आणि 'मराठी प्रतिशब्द' या रकान्यात नुसती रेघ.

आठवण करून देते. तरुण जोडपं फिरायला निघालं की घरचे त्यांच्यासोबत एखादी पोक्त बाई धाडायचे, लक्ष ठेवायला. ती शहाणी असेल तर त्या दोघांना बोलायला सवड मिळावी म्हणून जरा लांब जाऊन गूजबेरी वेचत बसायची. त्यावरून दोघांमधलं नको असलेलं तिसरं माणूस ते गूजबेरी, आणि तसं मध्ये मध्ये असणं म्हणजे 'गूजबेरी खेळणं'. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले छापील पुरावे मिळतात. वेचण्याची गोष्ट खरी की कुणी मागाहून जोडलेली, हे छातीठोकपणे कुणीच सांगत नाही. तू कार्डावर लिहिलं होतंस, 'असे म्हणतात.' मी तांबड्या शाईत विचारलं होतं, 'कोण म्हणतात?'

आता प्रतिशब्द. कबाबातली हड्डी समितीला नको, म्हणे उसनी आहे. 'दोघांत तिसरा, सगळं विसरा' हे एका शब्दाच्या जागी कसं बसवणार? तिऱ्हाईत म्हटलं की कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. लुडबुड्यात सगळा दोष त्या तिसऱ्याचाच, आणि गूजबेरी बिचारी स्वतःहून गेलेली नसते, तिला धाडलेलं असतं. तुला काही सुचलं तर उलट टपाली कळव.

ताई

ता. क. प्रकाशनाला सगळ्या जुन्या लोकांना बोलावलं आहे, त्यावर आपल्या टेबलावरच्या प्रुफवाल्यांचं पत्र आलं. पाच मार्चला येतो म्हणतात. दोन ओळी माझ्याबद्दल, दीड पान तुझ्याबद्दल. मुंगी कुठे असते, मुंगी काय करते, मुंगी अजून खिशात साखरेचे खडे ठेवते का. मी ओळी मोजल्या नाहीत. सहज दिसलं.


१२ फेब्रुवारी

मुंगे,

उत्तर नाही. ठीक. तू कधीच वेळेवर कार्डं दिली नाहीस, तरी साहेब तुला काही बोलायचे नाहीत. मी एक दिवस उशीर केला की माझ्या टेबलाशी येऊन घसा खाकरायचे.

तुला वाटत असेल, ताई एका शब्दासाठी एवढी का मागे लागली. तर ऐक. तू यायच्या आधी तीन वर्षं त्या टेबलावर मी आणि प्रुफवाले, दोघंच होतो. मी कार्डं तपासायची, ते प्रुफं वाचायचे. दुपारी चारला ऊन तिरपं होऊन माझ्या डोळ्यांवर यायचं आणि ते न सांगता उठून पडदा ओढायचे. कधी बोलले नाहीत, मीही नाही. पण तीन वर्षं रोज चारला माझ्यासाठी कुणीतरी खुर्चीवरून उठत होतं. चौतिसाव्या वर्षी बाईला एवढं पुष्कळ होतं, तुला नाही कळायचं.

मग मीच तुला तिथे आणलं. हाताला धरून. साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे पाठवून दे. महिन्याभरात पडदा तुझ्या बाजूचा आधी ओढला जायला लागला.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या बागेतला बाक आठवतो? तिघांचा होता. आधी मी मध्ये बसायचे. मग कडेला. मग समोरच्या कठड्यावर, कारण 'ताई, तिथे सावली छान आहे.' सावली होती, खरं आहे. मी डबा खाऊन पाचोळ्यातली पानं वेचत बसायचे, काहीतरी करायचं म्हणून. त्यांच्या खिशात नेहमी पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या, एक तुला, एक मला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. एका गोळीवर माझी बहीण नेली.

आणि ते 'जीबी'. मी खोलीत शिरले की तुम्ही दोघं पुटपुटायचात, 'जीबी आली.' मला वाटायचं गव्हर्निंग बॉडी, म्हणजे नियामक मंडळातलं कुणी आलं. मी घाईघाईने टेबल आवरायचे, पदर सावरायचे, दाराकडे बघायचे. तुम्ही खाली मान घालून हसायचात. मग एक दिवस तुझं गूजबेरीचं कार्ड माझ्याकडे तपासायला आलं आणि मला इंग्रजीतली ती दोन अक्षरं कळली. मी कार्ड पास केलं. अर्थ अचूक होता, काय करणार.

तू नवी असताना कार्डाच्या दोन्ही बाजूंनी लिहायचीस, तेही आठवलं. मी तुला सगळ्यांसमोर झापलं होतं. कार्डाची पाठ कोरी! खणातली कार्डं आपण बोटाने पुढे सरकवत बघतो, पाठीकडे कुणाची नजर जात नाही. तिथे लिहिलेलं म्हणजे विहिरीत टाकलेलं. तुझे डोळे भरून आले होते. प्रुफवाल्यांनी तुला पाणी आणून दिलं. मला त्या पाण्याचाही राग आला.

त्यांनी पत्रात विचारलं आहे की ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी त्यांनी खणात गूजबेरीच्या कार्डामागे तुझ्यासाठी एक कार्ड ठेवलं होतं, ते आवराआवरीत कधी सापडलं का. मी लिहिलं, मला काही ठाऊक नाही.

प्रतिशब्द कळव.

ताई


२० फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार शब्द. 'ताई, खरं ते लिही.' टपोऱ्या अक्षरात.

तुझ्या कार्डात या शब्दाचा एक वापर राहिला होता, आणखी थोडा जुना. 'ओल्ड गूजबेरी' म्हणजे सैतान. 'ओल्ड गूजबेरी खेळणं' म्हणजे सगळ्याचा विचका करणं. असं का म्हणत, ते कुणाला सांगता येत नाही. तो अर्थ मी भरला. शाईने नव्हे.

प्रुफवाल्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. तू दुपारी छापखान्यात छापायच्या पानांचे फर्मे घेऊन गेली होतीस, ते साहेबांच्या खोलीत कामाचा ताबा देत होते. तुम्ही दोघं खणात चिठ्ठ्या ठेवता, हे मला महिनाभर ठाऊक होतं. मी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी मी खण उघडला. तुझ्या कार्डामागे त्यांचं कार्ड होतं, आपल्याच ऑफिसचं, वर शब्दाच्या जागी 'मुंगी' असं लिहिलेलं. खाली: 'उद्या सकाळी नऊच्या गाडीने मी कायमचा निघालो. येणार असशील तर स्टेशनवर ये. नसशील तर इथेच लिही, संध्याकाळी जाताना बघेन.'

मी ते उचललं. मनात आलं ते जसंच्या तसं सांगते: हिला का? अक्षर हिला, कौतुक हिला, पडदा हिला, आणि आता हाही हिलाच? मी हिला वेणी घालायला शिकवलं, वाचायला शिकवलं, नोकरी दिली, आणि माझ्याकडे एक माणूस होता जो चारला उठायचा, तोही हिने न्यावा? हेवा काय असतो ते कोशात नीट लिहिलेलं नाही. तो पोटात नसतो, हातात असतो. हात आपोआप चालतो.

कार्ड मी फाडलं नाही. आपल्याकडे कार्ड फाडत नाहीत. मी ते गाळलेल्या शब्दांच्या खणात ठेवलं, अगदी तळाला, जिथे कोशात न घेतलेले शब्द पडून असतात आणि माझ्याखेरीज कुणी हात घालत नाही. दुसऱ्या दिवशी तू स्टेशनवर गेली नाहीस. मी सकाळभर तुझ्याकडे बघत होते. तू घरी स्वस्थ बसून नखं कापत होतीस. मला वाटलं, हिला काही माहीतच नाही, आणि मला हायसं वाटलं. हेही लिहिते, कारण तू खरं मागितलं आहेस.

सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी दिसली तेव्हा मला कळलं की मी तुला अडवलं, पण त्यांना नाही. ते तर गेलेच. चार वाजता ऊन डोळ्यांवर आलं आणि पडदा ओढायला कुणी उठलं नाही. मग मी सगळ्या ऑफिससमोर तुला म्हणाले, "तुझ्या या थिल्लरपणामुळे एक चांगला माणूस गेला." चोराच्या उलट्या बोंबा. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मिटलंस. पुढचा महिनाभर मी तुझी कार्डं तांबड्या शाईने रंगवत राहिले. मग तू दुसऱ्या गावची नोकरी घेतलीस. दारात उभी राहून "येते" म्हणालीस तेव्हा मी प्रुफातून मान वर केली नाही.

तुझं लग्न झाल्याचं मला नववर्षाच्या कार्डावर एकाच्या दोन सह्या झाल्या तेव्हा समजलं. कळवलं नाहीस ते बरोबरच केलंस.

दर वर्षी आवराआवरीच्या आठवड्यात मी तो खण उघडून ते कार्ड जागेवर आहे ना, ते बघते. बावीस वेळा वाचलं. येत्या सोमवारपासून जुनी कार्डं स्कॅन करणारे लोक येणार आहेत, ते सगळे खण उपसतील. म्हणून काढून सोबत पाठवते आहे. तुझं आहे, तुझ्याकडे असू दे. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी परगावी असते. पाच मार्चला ते माझ्यासमोर बसून तुझ्याबद्दल विचारतील आणि मला सांगावं लागेल. त्याआधी तुला सांगितलं पाहिजे, एवढी लाज शिल्लक आहे.

माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी मला माझी बहीण परत हवी आहे. आणि लिहिता लिहितादेखील त्या दीड पानाचा हेवा वाटतोच आहे, तोही नोंदवून ठेव.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी चिडले की पत्र डब्यांच्या मागे कोंबलं. दुसऱ्यांदा रडले. तिसऱ्यांदा हसायलाच लागले, तेव्हा आमचे हे घाबरून विचारायला आले, "डॉक्टरांना बोलवू का?"

अगं, मला ते कार्ड मिळालं होतं. शुक्रवारी सकाळीच. छापखान्यात जायच्या आधी मी त्याचं उत्तर लिहून ते परत जागेवर ठेवलं होतं, त्याने संध्याकाळी बघावं म्हणून. मी जाणारच नव्हते. तो मला आवडायचा, गोळ्या आवडायच्या, तुला चुकवून हसणं आवडायचं. पण गाव सोडून त्याच्यामागे जावं इतका नाही. सव्वीस वर्षांची होते, मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी आवडायचं.

मी आजपर्यंत समजत होते की त्याने उत्तर वाचलं आणि तरीही गेला. म्हणून मी तोंड मिटलं. सोमवारी तू सगळ्यांसमोर ओरडलीस तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. पण बोलले असते तर तुझीच शोभा झाली असती, आणि तू ते सोसलं नसतंस. मग तुझ्या शिव्या खाल्ल्या आणि गेले. राग मात्र होता, ताई. हिच्यासाठी केलं आणि हीच मला थिल्लर म्हणते. तो राग मी बावीस वर्षं जपून ठेवला, तू कार्ड जपलंस तसा.

'जीबी'बद्दल मला माफ कर. ते वाईट होतं. तू पदर सावरून दाराकडे बघायचीस, ते मला अजून आठवतं आणि आता हसू येत नाही.

कार्ड परत पाठवते आहे. ते माझं नाही. बावीस वेळा वाचलंस म्हणतेस, आता तेविसाव्यांदा वाच. पण या वेळी उलटून. तुझा नियम मी तेव्हाही पाळला नव्हता.

आणि तुझ्या रकान्यासाठी: लिंबूटिंबू. लहानपणी तू आणि तुझ्या मैत्रिणी खेळायचात तेव्हा मला घ्यायला आई भाग पाडायची, आणि तू सांगायचीस, "ही लिंबूटिंबू." पळायचं सगळ्यांबरोबर, पण आउट झालं तरी कुणी मोजायचं नाही. खेळात असून नसायचं. मला तेव्हा तुमचा इतका हेवा वाटायचा की मी तुमच्या चपला लपवायचे. त्या कधी सापडल्या का गं?

तुझी
मुंगी


७ मार्च

मुंगे,

पाकीट दोन तारखेला आलं. कार्ड मी टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याकडे नुसती बघत होते. चार तारखेला उलटलं.

पेन्सिलीने लिहिलं आहेस, अक्षर थोडं पुसट झालंय, तरी टपोरं ते टपोरंच. 'मी येणार नाही. ताईला सोडून तर नाहीच. तुला दिसत कसं नाही रे? तू पडदा ओढायला उठतोस तेव्हा ती पेन खाली ठेवते. इतर कुणासाठी ठेवत नाही. तिला विचार.'

मी जमिनीवर बसले, मुंगे. खुर्ची होती तरी जमिनीवर. तुझं सुख चोरलं म्हणून बावीस वर्षं मी स्वतःला खात होते आणि मनातल्या मनात थोडी खूशही होते, की मला नाही तर तुलाही नाही. आणि चोरलं होतं ते माझंच. दर वर्षी हातात घेत होते. एकदा, नुसतं बोटाने एकदा उलटायचं होतं. पण कार्डाची पाठ कोरी असते ना. मीच सांगितलेलं.

ते पाच तारखेला आले. केस गेलेत, पाठीला थोडा बाक आलाय, खिशात गोळ्या तशाच आहेत. प्रकाशन झालं, भाषणं झाली, साहेबांच्या तसबिरीला हार घातला. मग ते आपल्या जुन्या खोलीत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मुंगीला ते कार्ड मिळालं होतं का हो?"

मी चहा दिला आणि सगळं सांगितलं, खण कोणता तेसुद्धा. ऐकताना त्यांचा चेहरा कठीण होत गेला. म्हणाले, "त्या दिवशी मी तीन गाड्या सोडल्या. तुम्ही एवढं करू शकता असं मला कधी वाटलं नव्हतं." मी म्हटलं, "मलाही नव्हतं." मग कार्ड पालथं करून त्यांच्यापुढे ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. ऊन तिरपं होऊन डोळ्यांवर आलं होतं. मी हलले नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी येऊन पडदा ओढला. म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि समोर बसलेलं वाचता आलं नाही. पण बाई, मी तुमच्यावर अजून रागावलोय. तो राग आज उतरायचा नाही." मी म्हटलं, "मग परत या रागवायला." ते म्हणाले, "रविवारी येतो." घरी, मुंगे. ऑफिसात नव्हे.

तुझा लिंबूटिंबू समितीने एकमताने घेतला. पुरवणी पुढच्या महिन्यात छापायला जाते. मला बावीस वर्षांत सुचला नाही, तुला भाजी चिरता चिरता सुचला असेल. जळफळाट झाला, पण रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिला. चपलांचा जोड माळ्यावर सापडला होता, तू नोकरीसाठी गेलीस त्या वर्षी. टाकून देववला नाही.

आता काम असं आहे. रविवारी ते साडेचारला येणार. मागच्या अंगणात दोन खुर्च्या टाकल्या आहेत आणि मला छपन्नाव्या वर्षी कापरं भरलंय. दोघांनी बसून बोलायचं काय? तू शनिवारच्या गाडीने ये. तुझ्या ह्यांनाही घेऊन ये. कुंपणाशी तिसरी खुर्ची ठेवते. तिथे सावली छान आहे. बसून काहीतरी वेचत राहा.

मात्र फार नटूनथटून येऊ नकोस.

ताई